दाखल्यावरचं नाव

कुंदाताई रोज सकाळी कामाला लागण्याआधी एक चुकीची मेल पाठवायच्या. मुद्दाम. विषयात एका पेशंटचा नंबर लिहायच्या, खाली दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट जोडायच्या आणि पाठवायचं बटण दाबायच्या. पत्ता अर्थात त्यांचा स्वतःचाच. बटण दाबलं की पडद्यावर चौकट उगवायची आणि त्या मेलला दारातच अडवायची. नंबर जुळत नाही, असं तीत लिहिलेलं असायचं. चौकट दिसली की त्या पदराने चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "चलो, पहारेकरी जागा आहे."

मग खऱ्या मेल्स सुरू व्हायच्या.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या श्रीकांत देवपुजारींना हे पाहायला फार आवडायचं. ते एका कॉलेजच्या ग्रंथालयातून सहायक म्हणून निवृत्त झालेले, आणि आता जबलपूरमधल्या गढ्यातल्या डॉक्टर गर्द्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्धा दिवस रिपोर्टांचं इंग्रजी तपासायला येत. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण आपण केलेलं काम अजून शाबूत आहे की नाही हे पाहायला रोज त्यालाच फसवायचं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

ती चौकट म्हणजे कुंदाताईंचा मॅक्रो. मॅक्रो म्हणजे मेलच्या सॉफ्टवेअरला आपण आपल्या सोयीने लिहून दिलेल्या सूचना. कुंदाताईंच्या सूचना एवढ्याच, की मेल बाहेर पडण्याआधी विषयातला नंबर, जोडलेल्या रिपोर्टचा नंबर आणि ज्या डॉक्टरकडे तो जायचा त्यांचा पत्ता हे तिन्ही ताडून बघ. एकही जुळलं नाही तर सोडू नकोस. मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर अशा चारी दिशांच्या डॉक्टरांना लॅबमधून रोज शंभरेक रिपोर्ट जात.

चार वर्षांपूर्वी एकाच नावाच्या दोन पेशंटांचे रिपोर्ट उलटसुलट गेले होते. सिवनीच्या डॉक्टरांना संशय आला, त्यांनी फोन केला, म्हणून औषध द्यायच्या आत निभावलं. कोणी कुंदाताईंना बोल लावला नाही. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी श्रीकांतांना विचारलं, "श्रीकांतभाऊ, मशीनला हे शिकवता येते म्हणतात. त्याचं पुस्तक मिळेल का?"

पुस्तक मिळालं. विटेएवढं जाड आणि इंग्रजीत. कुंदाताई बारावीपर्यंत हिंदीत शिकलेल्या. मग रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं ते पुस्तक मध्ये ठेवून बसू लागले. श्रीकांतांना प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगता यायचा, पण ते वाक्य म्हणतंय काय ते कळायचं नाही. कुंदाताईंना वाक्य लागायचं नाही, पण ते ऐकून त्यांचे डोळे चमकायचे आणि त्या म्हणायच्या, "अच्छा, म्हणजे पहिले विचारून घ्यायचं आणि मग सोडायचं!" तीन महिन्यांत त्यांनी मॅक्रो लिहिला. श्रीकांतांना त्या पुस्तकातलं एक पान समजलं असेल तर शपथ. पण या वयात आपल्या डोळ्यांदेखत एक माणूस नवी भाषा बोलायला लागलं, ही गोष्ट त्यांनी घरी सुनेला इतक्यांदा सांगितली की तिला ती पाठ झाली.

तर एका सोमवारी चौकट आली नाही.

"गेली," कुंदाताई म्हणाल्या.

"काय गेलं?"

"चुकीची मेल. सरळ निघून गेली, श्रीकांतभाऊ. कोणी अडवलंच नाही."

त्यांनी दुसरी पाठवली. तीही गेली. मशीनने ना तक्रार केली ना इशारा दिला. कुंदाताई उठून उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या संगणकावर बसलेल्या ज्योतीला म्हणाल्या, "ज्योती, कीबोर्डवरून हात काढ. एकही रिपोर्ट पाठवू नको."

ज्योती सव्वीस वर्षांची, दीक्षितपुऱ्यातली. घरी मराठी ऐकायची आणि बाहेर हिंदी बोलायची, त्यामुळे तोंडातून दोन्ही एकदमच निघायचं. "दीदी, आज मी जल्दी आली, बीस तो भेज दिए मी."

"शनिवारी मी सुट्टीवर होती. तेव्हा चौकट आली होती का एकदा तरी?"

"नाही आली. मला वाटलं आपण सुधरून राहिलो."

श्रीकांतांना हसू आलं, पण कुंदाताईंचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. शनिवारच्या ऐंशी आणि आजच्या वीस, अशा सगळ्या मेल्स काढल्या. श्रीकांतांनी नंबर मोठ्याने वाचायचे, ज्योतीने रजिस्टरवर खूण करायची. चौऱ्याहत्तराव्या मेलला ज्योतीची पेन्सिल थांबली. मंडल्याच्या एका बाईंचा रिपोर्ट नैनपूरच्या डॉक्टरांकडे गेला होता. कुंदाताईंनी फोन लावला. रविवारी दवाखाना बंद होता आणि डॉक्टरांनी मेल अजून उघडलीच नव्हती. त्यांना ती पुसून टाकायला सांगून कुंदाताईंनी फोन ठेवला आणि उरलेल्या सव्वीस मेल्स तपासायला घेतल्या.

कारण दुपारी कळलं. लॅब यंदाच इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत सामील झाली होती. तिथून संगणकांची सुरक्षा पाहणाऱ्या अनुपमने शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या शाखांच्या मेलची सेटिंग बदलली होती. ज्या मॅक्रोवर डिजिटल सही असेल तोच चालेल, बाकीचे गुपचूप बंद.

"बहुत वायरस येऊन राहिले मॅडम अशा मॅक्रोतून," अनुपम फोनवर म्हणाला. त्याचं मराठी इंदूरचं होतं. "तुमच्यासाठी असं करतो, तुमच्या तीन मशीनवर सेटिंग ढिली करून देतो. सब चलेगा. कोणाला सांगू नका फक्त."

फोन स्पीकरवर होता. श्रीकांतांना वाटलं, सुटलो. पण कुंदाताई म्हणाल्या, "नको. सगळ्या वाड्याला कुलूप लावायचं आणि माझ्यासाठी मागची खिडकी उघडी ठेवायची? त्यातून माझा मॅक्रो येईल तसे दुसरेही येतील. सही कशी करतात ते सांगा."

मग अनुपम म्हणाला, "मॅडम, असं मला पहिल्यांदाच कोणी म्हणून राहिलं. बताता हूँ."

मॅक्रोची सही म्हणजे कागदावर पेन फिरवणं नव्हे. आधी एक दाखला तयार करावा लागतो. तो करून देणारा बारकासा प्रोग्राम ऑफिसच्या सॉफ्टवेअरबरोबरच येतो. मग तो दाखला आपल्या मॅक्रोला जोडायचा. त्यानंतर मॅक्रोत कोणा परक्याने एक अक्षर जरी बदललं तरी ती सही टिकत नाही. आणि हा दाखला आपणच आपल्याला दिलेला असल्यामुळे ज्या संगणकावर बनला तिथेच तो मानला जातो, बाहेर त्याला कोणी विचारत नाही. कुंदाताईंनी सगळं वहीत उतरून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि मंगळवारी सकाळी त्यांनी तो प्रोग्राम उघडला.

त्यात एकच रिकामी जागा होती. दाखल्याचं नाव लिहा.

कुंदाताईंची बोटं थांबली. "श्रीकांतभाऊ, इथं काय लिहू?"

श्रीकांत रिपोर्ट तपासत होते. त्यांनी मान वर केली, त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि ज्या सहजपणाने माणूस घराचा पत्ता सांगतो त्या सहजपणाने म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचं नाव लिहा. सही साहेबांचीच असते. आपण कोण?"

कुंदाताईंनाही ते पटलं. त्यांनी लिहिलं, डॉक्टर चंद्रशेखर गर्दे. दाखला झाला, मॅक्रोला जोडला. मेलचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं तेव्हा त्याने विचारलं, या सहीवर विश्वास ठेवायचा का? कुंदाताईंनी हो म्हटलं. चुकीची मेल पाठवली आणि चौकट उगवली. ज्योतीने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या दोन्ही संगणकांवरही तसंच झालं. श्रीकांत त्या दिवशी बड्या फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत गेले आणि तिघांसाठी खोव्याची जलेबी घेऊन आले.

शुक्रवारी अनुपम स्वतः जबलपूरला आला. लांब बाह्यांचा शर्ट, पाठीवर बॅग, चेहरा गंभीर. कोणाशी न बोलता तो थेट डॉक्टरांच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी आतून घंटी वाजली आणि कुंदाताईंना बोलावणं आलं. खोलीचं दार पुरतं बंद होत नसे. श्रीकांतांच्या टेबलापर्यंत शब्द न् शब्द येत होता.

"कुंदाबाई," डॉक्टर म्हणाले, "कंपनीच्या तपासणीत निघालं, की या लॅबच्या तीन संगणकांवर माझ्या नावाचे सहीचे दाखले आहेत. मला हे विचारून राहिले, तुम्ही बनवले का? मला तर हा प्रकार काय आहे तेही माहीत नाही. कोणी बनवले?"

"मी बनवले, साहेब."

"माझ्या नावाने?"

"हो."

डॉक्टर ओरडत नसत. चिडले की ते हळू बोलत, आणि आता ते फारच हळू बोलत होते. "एकतीस वर्षं झाली तुम्हाला इथं. पॅथॉलॉजिस्टच्या सहीचा अर्थ तुम्हाला मी सांगायचा? माझी सही माझ्या हाताने होते, रिपोर्ट वाचल्यावर होते. त्या सहीवर कोणाचं पोट फाडायचं आणि कोणाचं नाही हे ठरते. ती दुसऱ्याने केली म्हणून मी दोन माणसांना घरी पाठवलं आहे. तुम्ही पाहिलं आहे ते."

"पाहिलं आहे, साहेब."

"मग काहून केलं?"

श्रीकांतांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकून राहिली होती. आता कुंदाताई सांगतील, त्यांना वाटलं. सांगायलाच पाहिजे, खरं तेच आहे. ते वाट पाहू लागले.

"चूक झाली," कुंदाताई म्हणाल्या. "माझीच झाली."

"चूक म्हणून मी कंपनीला काय लिहू?" डॉक्टर म्हणाले. "हे लोक निर्णय घेईपर्यंत तुम्ही मेलच्या कामाला हात लावू नका. आणि ते जे काही आहे, मॅक्रो, ते काढून टाका मशीनवरून."

ज्योती श्रीकांतांकडे पाहत होती. मंगळवारी तीही तिथेच होती, तिनेही ऐकलं होतं. तिचं ते पाहणं श्रीकांतांना सोसेना. आजवर साहेबाच्या खोलीत ते बोलावल्याशिवाय कधी गेले नव्हते. आत गेल्यावर काय बोलायचं ते त्यांनी पेन्सिलीने समोरच्या कागदावर लिहायला घेतलं, एक ओळ लिहिली, खोडली, दुसरी लिहिली. तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुंदाताई उठत होत्या. श्रीकांत कागद तिथेच टाकून उठले आणि दार ढकलून आत गेले.

"साहेब, ते नाव मी सांगितलं."

तिघांनी वळून पाहिलं. श्रीकांतांना आपला आवाज परक्याचा वाटला, पण तोंड उघडलंच होतं तर आता बंद करायची सोय नव्हती.

"यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, साहेबांचं नाव लिहा. यांची चूक नाही."

"तुम्ही?" डॉक्टरांना राग यायचाही विसर पडला. "देवपुजारी, रिपोर्टात स्वल्पविराम चुकला तर तुम्ही मला दोनदा विचारता. तुम्ही असं काहून सांगितलं?"

"साहेब, मी अडतीस वर्षं ग्रंथालयात होतो. पुस्तकांच्या याद्या मी करायचो, पत्रं मी लिहायचो, आणि खाली ग्रंथपालांचं नाव यायचं. ते बरोबरच होतं, तशीच रीत होती. काम करणाऱ्याचं नाव कुठं लिहावं लागते हे मला खरंच माहीत नव्हतं. यांनी विचारलं तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही."

"पुरे, श्रीकांतभाऊ," कुंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "तुम्ही सांगितलं, पण बोटं माझी होती. आणि खरं सांगू का साहेब, यांनी सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. माझं नाव लिहायची मला लाज वाटून राहिली होती. मी काय इंजिनीयर आहे?"

अनुपम इतका वेळ बॅग मांडीवर घेऊन बसला होता. त्याने ती खाली ठेवली. "एक मिनिट. हा मॅक्रो तुम्ही लिहिला, मॅडम? मला वाटलं कुठून तरी उतरवला असेल."

"मीच लिहिला."

"दाखवा."

सगळे बाहेर आले. कुंदाताईंच्या खुर्चीवर अनुपम बसला आणि त्याने मॅक्रो उघडला. डॉक्टर मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. सूचनांच्या मध्येमध्ये कुंदाताईंनी स्वतःसाठी टिपणं लिहिली होती. त्या खिडकीत देवनागरी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. अनुपम अडखळत मोठ्याने वाचू लागला, "'इथे घाई करू नये.' 'डॉक्टरचा पत्ता नवीन असेल तर आधी फोन करणे.' 'हे काढू नये, सिवनी आठवावी.'" तो थांबला. "सिवनी काय आहे?"

डॉक्टरांना माहीत होतं.

मग अनुपमने त्या मॅक्रोला फसवायला घेतलं. रिपोर्टच्या फाइलचं नाव बदलून पाहिलं, चौकट आली. दोन रिपोर्ट एकत्र जोडले, चौकट आली. काहीच न जोडता पाठवून पाहिलं, तेव्हाही चौकट आली, आणि तीत लिहिलेलं होतं की रिपोर्ट जोडायचा राहिला, पाणी पिऊन या. अनुपम खो खो हसला. ज्योतीला ते रोजचंच होतं, ती म्हणाली, "भैया, मला तर ये दिवसातून दोनदा पाणी पाजते."

"साहेब," अनुपम डॉक्टरांकडे वळला, "आमच्या तेवीस शाखा आहेत. असं तपासणारं एकाही शाखेत काही नाही. काढायला सांगाल तर काढतो, पण माझा हात धजणार नाही. नाव मात्र चुकीचं आहे. कल को हे बिघडलं तर मी फोन कोणाला करू? तुम्हाला? तुम्ही काय सांगणार मला?"

"मी सांगीन, पाणी पिऊन या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती जराशी हलली. मग ते कुंदाताईंना म्हणाले, "माझं नाव काढा. आत्ता, माझ्यासमोर. आणि जिचं काम आहे तिचं लिहा. कंपनीला मी काय लिहायचं ते लिहितो. पण कुंदाबाई, पुन्हा माझ्या नावाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार, साहेब."

अनुपमने जुने दाखले पुसले आणि खुर्ची रिकामी केली. कुंदाताई बसल्या. त्यांनी तो बारकासा प्रोग्राम उघडला. रिकाम्या जागेत त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, कुंदा वसंत पोफळी, आणि मान न वळवता विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना, श्रीकांतभाऊ?"

"बरोबर आहे," श्रीकांत म्हणाले. त्यांनी दोनदा वाचलं होतं.

सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं आणि त्याने विचारलं, कुंदा वसंत पोफळी यांच्या सहीवर विश्वास ठेवायचा का? कुंदाताई त्या प्रश्नाकडे पाहत राहिल्या. मागून डॉक्टर म्हणाले, "दाबा, दाबा. एकतीस वर्षं मी दाबूनच राहिलो." ज्योती तोंडावर हात ठेवून हसली. कुंदाताईंनी हो म्हटलं.

ज्योतीच्या मशीनवरही तसाच दाखला झाला. अनुपम निघताना दारात थांबला. "एक राहिलं. मॅडम सुट्टीवर असल्या तर विचारायचं कोणाला? दुसरं एक नाव पाहिजे. या मॅक्रोची एकूण एक ओळ ज्याला माहीत आहे असं. तिसऱ्या मशीनवर त्यांच्या नावाचा दाखला करा."

"श्रीकांतभाऊ," कुंदाताई लगेच म्हणाल्या.

श्रीकांत दचकले. "मी? नाही नाही. मला यातलं काही कळत नाही. ज्योतीला घ्या."

"ज्योती पाठवणारी आहे. जो पाठवतो त्यानेच तपासायचं नसते. तपासायला तुमच्यासारखा शंकेखोर माणूस पाहिजे. अडतीस वर्षांत तुम्ही किती चुका सोडल्या?"

"सोडल्या असतीलच."

"एवढं म्हणणारा माणूस मला दुसरा कुठं सापडणार?" कुंदाताई म्हणाल्या आणि तिसऱ्या संगणकासमोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

श्रीकांत खुर्चीवर बसले, पण त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. खरं तर त्यांना लावावासा वाटत होता. ज्या बाईने आत त्यांचं नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं, तीच आता ते नाव इथे मागत होती. नाही म्हणणं त्यांच्याच्याने झालं नसतं. पण अर्थ न समजता नाव घालणं हीदेखील एक चूकच झाली असती, आणि तशी एक या आठवड्यात पुरेशी होती.

"वाचल्याशिवाय नाही लिहिणार," ते म्हणाले. "सगळा छापून द्या मला. समजल्यावर लिहीन."

"किती दिवस लागतील, काकाजी?" ज्योतीने विचारलं.

"माहीत नाही, बेटा. तोपर्यंत या मशीनवरून मेल पाठवायची नाही."

प्रिंटरमधून अकरा पानं निघाली. कुंदाताईंनी ती टाचणी लावून त्यांच्यासमोर ठेवली आणि आपली खुर्ची ओढून शेजारी बसल्या. श्रीकांतांनी पेन्सिलीला टोक केलं. पहिली ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्याखाली बोट ठेवलं.

"ही काय म्हणते?"